'ओ माय गॉड', 'डॅम', 'जीझस ख्राईस्ट' : ह्या शिव्या धरायच्या का?

प्रश्न :
अमेरिकेत आल्यापासून एक गोष्ट कळत नाहीये. ऑफिसातली तरुण पोरं येताजाता 'गॉडडॅम', 'जीझस ख्राईस्ट' म्हणतात, कोणी ढुंकून बघत नाही. पण टीममध्ये एक वयस्कर बाई आहेत, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, त्यांच्यासमोर कोणी असं बोललं की त्या एकदम गप्प होतात. 'क्रॅप' वगैरे मात्र स्वतः बिनधास्त म्हणतात. आपण 'अरे देवा' म्हणतो तसंच ना हे? मग त्यात लागण्यासारखं काय?

उत्तर :
ताई, अर्थ बघितला तर 'अरे देवा' आणि 'ओ माय गॉड' एकच, पण देवाचं नाव कसं घ्यायचं ह्याबद्दलच्या दोन्हीकडच्या समजुती पार वेगळ्या आहेत. आपल्याकडे नाव कसंही घ्या, पदरात पुण्यच पडतं. भागवतातला अजामिळ आठवा, मरताना त्याने हाक मारली ती पोराला, पोराचं नाव नारायण, तेवढ्यावर तरून गेला. त्यामुळे कंबर धरली की 'विठ्ठला', काही ओंगळ कानावर आलं की 'शिव शिव', खर्चाचा आकडा बघितला की 'अरे रामा', आणि देवाचं नाव वाया घालवलंस असं कुठल्याही आजीने नातवाला कधी म्हटलं नसेल. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत मात्र दहा आज्ञांमधली एक आख्खी आज्ञाच ह्यावर आहे की देवाचं नाव व्यर्थ घ्यायचं नाही (बरेचसे प्रोटेस्टंट ती तिसरी मोजतात, कॅथलिक दुसरी). म्हणून त्या बाईंना 'क्रॅप' हा नुसता असभ्यपणा वाटतो, पण प्रिंटर अडकला म्हणून कोणी 'जीझस' ओरडलं तर ते पाप वाटतं. ह्या दोन्ही गोष्टी एका मापाने मोजताच येत नाहीत, आणि मला तरी त्यांचं गप्प होणं अगदी समजतं.

'गॉडडॅम' तर सरळसरळ शाप आहे, देवाने ह्याला नरकात टाकावं असा. सुटा 'डॅम' किंवा 'हेल' आता फार सौम्य झालेत.

हे प्रकरण एके काळी किती गंभीर होतं बघा, इंग्लंडमध्ये १६०६ साली कायदा झाला की नाटकात चेष्टेने देवाचं किंवा ख्रिस्ताचं नाव घेतलं तर दर वेळेला दहा पौंड दंड, म्हणजे त्या काळात केवढी रक्कम! पाप नको म्हणून लोक नाव मोडूनतोडून घ्यायचे, 'गॉड्स वून्ड्स'चं 'झाउंड्स' झालं, 'गॉड ब्लाइंड मी'चं 'ब्लायमी', आणि 'गॉश', 'जीझ', 'डार्न', 'हेक' ही पण त्यातलीच पिल्लं. 'ब्लडी' हा येशूची आई मेरी हिच्या नावावरून आला असं सर्रास सांगतात, त्याला काही आधार नाही. आता ब्रिटनमध्ये टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉमने २०१६ च्या पाहणीत 'गॉड', 'जीझस ख्राईस्ट' सौम्य गटात टाकलेत. उलट कॅनडात क्वेबेकला फ्रेंच बोलणाऱ्यांच्या सगळ्यात कडक शिव्या चर्चमधल्या वस्तूंच्या आहेत, 'ताबार्नाक' म्हणजे वेदीवरची पवित्र पेटी, 'कालिस' म्हणजे प्याला.

त्या बाईंसमोर 'ओ माय गुडनेस' म्हणा, काही बिघडत नाही आपलं.

आणखी एक प्रश्न :
म्हणजे मराठीत धर्मावरून शिव्याच नाहीत म्हणायचं का?

उत्तर :
आहेत की, फक्त देव बाहेर राहतो. देवाला तर आपण तोंडावर बोलतो, जनाबाईने 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' म्हटलंय आणि वारकरी ते प्रेमाने गातात. गोव्यातले ख्रिस्ती लोक 'सायबा भोगस' म्हणतात, पण ती देवाकडे खरीखुरी क्षमेची याचना आहे, त्यामुळे व्यर्थ म्हणता येणार नाही. बाकी 'हरामखोर'मधला हराम इस्लाममधून आलेला, बोलणाऱ्याच्या डोक्यातही नसतं ते. 'सटवी' ही बाळाचं नशीब लिहिणारी सटवाई, तिची पूजा करायची आणि तिच्याच नावाने सुनेला शिवी द्यायची हे मला कधीच पटलं नाही.

पण खरी लागणारी शिवी विचाराल तर 'चांडाळ'. बोलणाऱ्याला तो नुसता दुष्ट, क्रूर ह्या अर्थाचा शब्द वाटतो, 'चांडाळ चौकडी' तर पेपरातसुद्धा हसत हसत छापतात, पण धर्मशास्त्रांनी ज्या माणसांना गावाबाहेर ठेवलं त्यांचं ते नाव आहे. 'जीझस' ऐकून बाईंना देवासाठी वाईट वाटतं, इथे ऐकणाऱ्याच्या आजा-पणज्याने ते सोसलेलं असतं. 'डॅम'वर चर्चा जरूर करू, पण हा शब्द मी घरात बंद केलाय आणि पोरांना का ते सांगितलंय.