अष्टावधान: तेलुगूतली कविता की नुसती स्मरणशक्ती?

मुक्तछंद: तेलुगू साहित्याचा विषय निघाला की लगेच कुणीतरी अष्टावधानाचे, म्हणजे एकाच वेळी आठ जणांची आव्हानं पेलत जागेवर पद्यं रचायच्या सभेचे व्हिडिओ टाकतं आणि खाली धन्य धन्य सुरू होतं. माझं स्पष्ट मत, ही कविता नाही. आठ पृच्छक म्हणजे प्रश्न घालणारे समोर बसतात, एक समस्या म्हणजे अडचणीत टाकणारी ओळ देतो ती घेऊन पद्य पुरं करायचं, एक दत्तपदी म्हणजे चार शब्द देतो ते चार ओळींत बसवायचे, एक मधेच घंटा वाजवतो त्याचे ठोके मोजायचे, एक मुद्दाम फालतू गप्पा मारून लक्ष उडवतो, आणि अवधानी म्हणजे हे सगळं पेलणारा कवी प्रत्येकाला एकेक ओळ देत चार फेऱ्यांत पद्यं पुरी करतो नि शेवटी सगळी घडाघडा म्हणून दाखवतो. डोकं जबरदस्त, मान्य. पण यात माणसाची भूक कुठंय? कवी श्रीश्रींनी छंदाच्या बेड्या तोडल्या तेव्हा कुठे तेलुगू कवितेत कष्टकरी दिमाखात आला, १९५० साली पुस्तकरूपात आलेलं 'महाप्रस्थानम्' वाचा मग बोलू.

पूर्वभाग_सोलापूर: दादा, आमच्या घरात तेलुगू, शाळा मराठी, त्यामुळे दोन्हीकडचं बोलतो. अवधानातली निषिद्धाक्षरी नीट ऐकलीय का कधी? अवधानी एक अक्षर उच्चारतो, पृच्छक ओळखतो की आता पुढं अमुक येणार आणि तेच नको म्हणतो, मग दुसरा शब्द, परत मनाई, असं अक्षर अक्षर करत अर्थ धरून ओळ न्यायची, त्यात तेलुगूचा प्रास पण सांभाळायचा म्हणजे चारही ओळींत दुसरं व्यंजन तेच. भाषा अंगात मुरल्याशिवाय हे होत नाही, नुसत्या पाठांतराने तर नाहीच.

मुक्तछंद: अवघड असणं आणि चांगलं असणं यात फरक आहे ना. आणि त्या मंचावर बसायला संस्कृत शिकायची सोय कुणाला होती हेही बघा.

गोदाकाठ: जातीचा मुद्दा बरोबर आहे पण त्याचं खापर छंदावर नको. गुर्रम जाषुवा दलित कवी, अपमान सोसत वाढलेले, त्यांचं 'गब्बिलम्' (१९४१) अख्खं पद्यात आहे, देवळात जाऊ न शकणारा माणूस वटवाघळाकरवी काशीच्या शिवाकडे गाऱ्हाणं पाठवतो कारण वटवाघळाला गाभाऱ्यात कुणी अडवत नाही. मेघदूताची रीत उचलून त्यांनी अस्पृश्यतेवर उलटवली. आणि या जाषुवांच्या पायात गंडपेंडेर, म्हणजे कवीच्या सन्मानाचं कडं, कुणी घातलं? चेळ्ळपिळ्ळ वेंकटशास्त्रींनी, तिरुपती वेंकट कवी या अवधानी जोडीतल्याच एकाने, ते ब्राह्मण आणि भर सभेत.

मुक्तछंद: तो क्षण मोठाच. पण तुम्ही माझीच बाजू मांडताय. जाषुवांनी ते काव्य बसून, खोडून, वेळ घेऊन लिहिलं, पृच्छक घंटा वाजवतोय म्हणून नाही. माझा राग छंदावर नाही, स्पर्धेवर आहे, समस्यापूर्तीतलं एखादं चमकदार पद्य सभा संपली की कोण वाचतं?

पूर्वभाग_सोलापूर: वाचत नसतील, गातात! तिरुपती वेंकट कवींच्या याच जोडीने तेलंगणातल्या गदवाल, वनपर्तीच्या संस्थानात फिरून अवधानं गाजवली आणि याच जोडीने पांडवांवरची नाटकं लिहिली, त्यातली पद्यं कृष्णाच्या वेषातला नट लांबलचक आलाप घेऊन म्हणायला लागला की रात्री दोनला सुद्धा वन्समोअर पडायचा, ज्यांना सही करता येत नाही त्यांना ती तोंडपाठ. ऐकणारा समोर ठेवून ओळ रचायची सवय अवधानातच लागते. आपल्या संगीत नाटकवाल्यांनी तरी हे समजून घ्यायला पाहिजे, आणि १८८५ पासून पद्यनाटक जगवणाऱ्या सुरभी नाटक मंडळींचे पूर्वज तर मूळचे मराठी.

मुक्तछंद: नाटकाचं श्रेय नाटकाला द्या हो. आलाप नटाचा, प्रसंग महाभारताचा. मला एक असं पद्य दाखवा जे सभेत जागेवर सुचलं आणि आज ते कुठल्या सभेत झालं हे माहीत नसताना सुद्धा काळजाला भिडतं, मी लगेच मानतो.

गोदाकाठ: दाखवतो, पण मग तुम्ही ते मोठ्याने ऐकायचं, डोळ्यांनी वाचून निकाल द्यायचा नाही.