मदत हवी आहे: हेलकावणाऱ्या पाणबुडीतून वँक्लिनने नेम कसा साधला असेल?

नमस्कार मंडळी,

नौदलातून निवृत्त झालेलं किंवा मर्चंट नेव्हीतलं कुणी इथे असेल तर कृपया मदत करा. आठवी-नववीच्या मुलांना मी 'अपहोल्डर' या ब्रिटिश पाणबुडीचा कमांडर माल्कम वँक्लिन (जन्म १९११, कोलकाता) याच्याबद्दल सांगणार आहे. एका ठिकाणी गाडी अडलीय.

१८ सप्टेंबर १९४१, पहाटेचा अंधार. नेपच्युनिया, ओशियानिया आणि व्हल्कानिया ही इटलीची अवाढव्य जहाजं सैनिक घेऊन लिबियाकडे निघालेली. नेमकं अपहोल्डरचं गायरो होकायंत्र (फिरत्या चक्रावर चालणारं, स्थिर दिशा दाखवणारं) बंद. चुंबकीय होकायंत्रावर पाणबुडी सरळ राहीना, नाक सारखं डावी-उजवीकडे. तरी वँक्लिनने पाण्याच्या पृष्ठभागावरूनच, साधारण साडेचार किलोमीटरवरून, ते झुलणं हिशेबात धरून चार टॉर्पेडो (पाण्याखालून धावणारे स्फोटक) सोडले. नेपच्युनिया बुडाली. ओशियानिया जागीच लंगडी झाली, तिला त्याने उजाडल्यावर संपवलं.

टॉर्पेडोच्या नळ्या नाकात पक्क्या बसवलेल्या, म्हणजे नेम धरायला अख्खी पाणबुडी वळवायची, हे कळतं. समोरचं जहाज तोवर किती पुढे जाईल, तो कोनही आधी काढतात. पण नाक झुलत असताना हुकमाचा क्षण कसा ठरवतात? हुकूम सुटून टॉर्पेडो बाहेर पडेपर्यंत नाक सरकणारच, आणि एका अंशाची चूक म्हणजे एवढ्या अंतरावर सुमारे ८० मीटरचा फरक!

मुलांना 'नशीब' म्हणून मोकळं व्हायचं नाही मला. १९४१च्या सुरुवातीला याचेच नेम इतके चुकत होते, की माल्टाच्या तळावर टॉर्पेडोंची चणचण असताना याला ठेवावं की नाही, असा प्रश्न वरिष्ठ सिम्पसन यांना पडला होता. पुढे २४ मे रोजी, आवाज टिपणारं यंत्र बंद असताना, संधिप्रकाशात त्याने काँते रोसो हे इटलीचं सैन्यवाहू जहाज बुडवलं आणि नंतर ३७ डेप्थ चार्जमधून (पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बमधून) पाणबुडी सुखरूप काढली. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक त्याचाच. दोन्ही वेळा यंत्र बंद, म्हणजे हा माणूस काहीतरी पक्कं शिकला होता. एप्रिल १९४२मध्ये, मायदेशी परतण्याआधीच्या शेवटच्या, पंचविसाव्या गस्तीवर अपहोल्डर सगळ्यांसकट गेली. वय अवघं तीस. फार हळहळ वाटते.

कुणी झुलण्याचा हिशेब समजावेल का? फळ्यावर काढता येईल अशी साधी आकृती मिळाली तर फारच उत्तम.