लग्नानंतर पीएच.डी. दुसऱ्या विद्यापीठात न्यायची आहे, कोर्सवर्कचे क्रेडिट चालतील का?

रानशेवंती (धागाकर्ती)

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ऑगस्ट 2023 मध्ये विदर्भातल्या एका विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात पीएच.डी.ला प्रवेश घेतला. पूर्णवेळ, फेलोशिप नाही. विषय भूजलातलं फ्लोराइड. यवतमाळ जिल्ह्यातल्या 42 विहिरींचे उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यानंतरचे नमुने घेऊन झालेत. कोर्सवर्क (सुरुवातीचे सक्तीचे पेपर) पूर्ण, 12 क्रेडिट, 63 टक्के. आरएसीसमोर (संशोधन सल्लागार समितीसमोर) तीन सहामाही अहवाल झाले. मग लग्न झालं आणि आता मुक्काम पुण्यात.

गाईड सर भले आहेत, "जा, मी अडवणार नाही" म्हणाले. इथल्या एका मॅडमनीही घ्यायची तयारी दाखवलीय. पण इथल्या ऑफिसात फोन केला तर उत्तर आलं, "नवीन प्रवेश घ्या, कोर्सवर्क परत करा." परत तीन तासांचे पेपर? बाकावर नंबर शोधत? कुणी असं केलंय का? आणि जुनी नोंदणी आधी रद्द करायची की नंतर?

चौथा_चहा

एम.फिल. असेल तर कोर्सवर्क माफ असतं ना?

रानशेवंती

एम.फिल. नाही हो.

खडूवाला

चौथा_चहा, ती सोय 2016 च्या नियमांत होती आणि तीही विभागाच्या मर्जीवर. धागाकर्तींचा प्रवेश 2023 चा, म्हणजे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 7 नोव्हेंबर 2022 चे नियम लागू.

ताई, मी गाईड म्हणून दोनदा यातून गेलोय. एकदा विद्यार्थिनी पाठवली, एकदा घेतली. या नियमांत तुमच्यासाठी एक कलम आहे. लग्नामुळे किंवा इतर कारणाने स्थलांतर करावं लागलं तर महिला संशोधकाला आपला संशोधन डेटा नव्या संस्थेत नेता येतो. प्रबंधात जुनी संस्था आणि जुने गाईड यांना त्या कामाचं श्रेय द्यायचं. आणखी एक अट आहे, तिच्याकडे सगळे काणाडोळा करतात: ते काम कुठल्याही निधी देणाऱ्या संस्थेने जुन्या संस्थेला किंवा गाईडला मंजूर केलेल्या प्रकल्पातलं नसावं. तुमच्या नमुन्यांचा खर्च कुठून झाला?

आता मुद्द्याचं. त्या कलमात डेटा आहे, कोर्सवर्कच्या क्रेडिटचं नाव नाही. ऑफिसातला माणूस "परत करा" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याच्यापुढे नकार द्यायला किंवा होकार द्यायला काहीच नसतं. होकार समकक्षतेच्या, म्हणजे जुना अभ्यासक्रम इथल्याच तोडीचा आहे असं दाखवणाऱ्या कागदावर मिळतो आणि तो कागद तुम्हालाच उभा करावा लागतो. फोनवर ते काम होत नाही. फोनवर ऑफिस नेहमी 'नाही'च म्हणतं.

फाईलबहाद्दर

खडूवाला सरांशी सहमत. मी एका विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात अकरा वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काढली, आता निवृत्त. टेबलावरून काय दिसतं ते सांगतो.

समकक्षतेचा अर्ज आला की आम्ही आधी गुणपत्रिका बघायचो. निम्म्या गुणपत्रिकांवर फक्त 'कोर्सवर्क उत्तीर्ण' आणि एकूण गुण. क्रेडिट नाहीत, तास नाहीत, पेपरची नावं 'पेपर एक, पेपर दोन'. असा कागद समितीपुढे ठेवला की पहिला प्रश्न, "यात शिकवलं काय?" फाईल परत. एकदा एका मुलीने अभ्यासक्रमाच्या झेरॉक्सवर प्रत्येक घटकासमोर पेन्सिलीने तास लिहून आणले होते, खाली विभागप्रमुखांची सही. पंधरा तासांना एक क्रेडिट. समितीतल्या सरांनी तिथेच बोटावर बेरीज केली आणि दहा मिनिटांत विषय संपला.

तर ताई, जुन्या विद्यापीठातून हे आणा: क्रेडिटनिहाय गुणपत्रिका, प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम तासांसकट आणि प्रत्येक पानावर शिक्का, आणि 2022 च्या नियमांनुसार कोर्सवर्क पूर्ण झाल्याचं एका ओळीचं पत्र. ते शेवटचं पत्र सगळ्यात मोलाचं.

रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सच्या दोन क्रेडिटची काळजी नको. 30 तासांचा, सहा घटकांचा तो अभ्यासक्रम यूजीसीनेच आखून दिलाय, तो वेगळा आहे असं म्हणायला कुणाला तोंडच नाही. संशोधन पद्धतीच्या पेपरवर थोडी घासाघीस होते. विषयाच्या ऐच्छिक पेपरवर मात्र खरी अडवणूक होते, कारण तिथे प्रत्येक विभागाचं आपलं सोवळं असतं.

आणि नोंदणी रद्द करू नका! नव्या ठिकाणचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय तो अर्ज लिहूच नका. मधल्या मधे लटकलेली मुलं मी पाहिलीत. इथली नोंदणी गेली, तिथली समिती दोन महिने बसलीच नाही.

देशावरचा

माझा धडा सांगतो, दुसऱ्या प्रकारचा. 2019 ला प्रवेश, तेव्हाचे नियम 2016 चे, कोर्सवर्क किमान 8 क्रेडिट. नोकरी बदलली, गाव बदललं, 2023 ला दुसरीकडे नव्याने नोंदणी केली. नवी नोंदणी म्हणजे नवे नियम, आणि त्यात किमान 12. माझे आठच्या आठ मान्य झाले, तरी चार कमी! वयाच्या 41 व्या वर्षी माझ्याच जुन्या विद्यार्थ्याशेजारी बसून पेपर दिला. त्याने पुरवणी आधी मागितली.

(ते स्थलांतराचं कलम फक्त महिलांसाठी. आमच्या बदल्या होतात त्या काय हौसेने? असो.)

मोरपंखी_वही

कमी पडलेले क्रेडिट 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून भरता येतात. यूजीसीमान्य ऑनलाइन कोर्स आरएसी सुचवू शकते असं 2022 च्या नियमांत आहे. मी तिथला एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) बारा आठवड्यांचा केला. असाइनमेंटचे 25 टक्के, केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे 75.

फक्त क्रम चुकवू नका. आधी आरएसीचं शिफारसपत्र, मग कोर्सला नाव. मी उत्साहात आधीच एक कोर्स करून बसले, प्रमाणपत्र आलं, आणि समिती म्हणाली, "आम्ही कुठे सुचवला होता?" ते प्रमाणपत्र आता फ्रिजवर चिकटवलंय.

रानशेवंती

सगळ्यांचे आभार. खडूवाला सर, तुमच्या प्रश्नाने पोटात गोळा आला. नमुने गोळा करायचा खर्च माझा, वडिलांची मोटरसायकल आणि माझं पेट्रोल. पण पहिल्या फेरीतल्या 42 पैकी 18 नमुन्यांची तपासणी सरांच्या प्रकल्पातून घेतलेल्या रसायनांवर झाली. म्हणजे तो डेटा गेला का?

खडूवाला

लगेच हाय खाऊ नका. प्रकल्पातली बाटली वापरणं आणि काम प्रकल्पातलं असणं, यात माझ्या मते फरक आहे. पण माझं मत तिथे चालणार नाही. सरांकडून लेखी घ्या की 42 विहिरींचं हे काम त्यांच्या मंजूर प्रकल्पाच्या उद्दिष्टांत येत नाही. तसं ते लिहून देऊ शकत नसतील, तर ते 18 नमुने सोडा आणि येत्या मोसमात पुन्हा घ्या. पाच वर्षांनी मौखिकीच्या आदल्या दिवशी कुणी तक्रार ठोकण्यापेक्षा आत्ताच पेट्रोल जाळलेलं बरं. विहिरी कुठे पळून जात नाहीत.

दुसरं, नव्या मॅडमकडे जागा आहे का? प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6, सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी. तोंडी 'हो' म्हणणाऱ्या पुष्कळांची यादी भरलेली असते. शिवाय निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. मॅडमना वय विचारणं अवघड, विभागाच्या शिपायाला विचारा.

चौथा_चहा

आणि सहा वर्षांचं घड्याळ? ते पुन्हा शून्यावर येतं का?

फाईलबहाद्दर

चांगला प्रश्न, पहिल्यांदाच. प्रवेशापासून किमान तीन, कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिलांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. बाळंतपण आणि बालसंगोपनाची 240 दिवसांपर्यंतची रजा वेगळी. त्यामुळे कमाल मुदतीचं ताईंना टेन्शन नाही. अडचण किमान तीनची. नव्या प्रवेशापासून मोजली तर जुनी दोन वर्षं पाण्यात. म्हणून नव्या विद्यापीठाच्या पत्रात 'मूळ नोंदणी दिनांक ग्राह्य' हे शब्द आहेत का ते बघा. नसतील तर ते घातल्याशिवाय उठू नका. तोंडी आश्वासन देणाऱ्या साहेबाची बदली होते, पत्र फाईलला राहतं.

मोरपंखी_वही

वाखूसा (वाचनखूण साठवली)!

रानशेवंती (पाच आठवड्यांनी)

खबर देते. सरांनी प्रकल्पाबद्दल पत्र लिहायला घेतलं, मग स्वतःच म्हणाले की चार विहिरी प्रकल्पाच्या यादीतही आहेत. त्या चार सोडल्या. उरलेल्या 38 चं पत्र मिळालं. मॅडमकडे एक जागा आहे (शिपायाला विचारलं नाही, वेबसाइटवर यादी होती). समकक्षता समितीने 12 पैकी 9 क्रेडिट धरले, एथिक्स आणि संशोधन पद्धती पूर्ण, ऐच्छिकाच्या एका पेपरवर अडकले. फाईलबहाद्दर काका, सोवळं अगदी तुम्ही म्हणालात तसंच. उरलेल्या तीनसाठी आरएसी बसली की स्वयंचा कोर्स सुचवणार आहे, मी अजून नाव घातलेलं नाही!

मूळ दिनांकाचे शब्द पत्रात नव्हते. मी उठले नाही. बाईंनी पंख्याखाली बसवून चहा दिला आणि दुपारी टायपिस्ट जेवून आल्यावर ओळ घातली.

आता एकच. अभ्यासक्रमाच्या पानांवर जुन्या विभागाचा चौकोनी शिक्का आहे, इथे म्हणतात गोल हवा. परत विदर्भ गाठू?

फाईलबहाद्दर

गोल शिक्का कुलसचिव कार्यालयाचा. गाठू नका, विहिरींच्या फेरीला जाल तेव्हा मारून आणा. तोवर हमीपत्र घेतात का विचारा. आम्ही घ्यायचो.