रोबोटने प्रोस्टेट काढली, मग पोटाला ब्लॉक कशाला?

निवांत नाशिककर
गेल्या महिन्यात बाबांची (वय ६८) प्रोस्टेट कॅन्सरची शस्त्रक्रिया रोबोटने झाली. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ म्हणाले, "पोटाला दोन्ही बाजूंनी टॅप ब्लॉक, म्हणजे नसा बधीर करणारं इंजेक्शन देऊ, नंतर दुखणार नाही." आम्ही सही केली. बिलात त्याची वेगळी ओळ निघाली. पोट खरंच फारसं दुखलं नाही, पण लघवीसाठी घातलेल्या नळीने बाबांना रात्रभर रडवलं. रोबोटचं कौतुकच मुळी 'छोटी भोकं, कमी दुखणं' असं करतात ना? मग जिथे खरं दुखतं तिथे न पोचणारा ब्लॉक सरसकट देऊच नये, असं माझं मत.

भूलवाली
भूल देणं माझा धंदा, तेव्हा मी पक्षपाती आहे असं धरूनच वाचा. भोकं छोटी असली तरी पाच-सहा असतात, आणि बेंबीजवळचं एक शेवटी मोठं करून त्यातून ग्रंथी बाहेर काढतात. ते दुखतं. पोटाच्या भिंतीला जाणाऱ्या नसा आतल्या दोन स्नायूंच्या मधून जातात, तिथेच आम्ही औषध सोडतो. २००१ मध्ये ही पद्धत मांडली गेली तेव्हा सुई हाताच्या अंदाजाने जायची, आता सोनोग्राफीवर टोक दिसतं. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यावर काय द्यावं हे सुचवणाऱ्या 'प्रॉस्पेक्ट' या तज्ज्ञगटाच्या २०२१ च्या शिफारशीतही रोबोटिक शस्त्रक्रियेसाठी टॅप ब्लॉकला पहिली पसंती आहे, अर्थात पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांच्या जोडीला. मूत्राशयाची कळ त्याने जात नाही, हे मात्र बाबांना आधी सांगायला हवं होतं.

कात्री_चिमटा
मी युरोसर्जन. भोकं पाडतानाच प्रत्येकाच्या कडेने बुपिव्हॅकेन हे बधीर करणारं औषध टोचतो. ना वेगळी सुई, ना वेगळी ओळ. ब्लॉकचा उपयोग पहिले काही तास. दुसऱ्या सकाळी पेशंट वऱ्हांड्यात चालायला लागतो, तेव्हा कुणाला ब्लॉक दिला होता हे मला तरी ओळखता येत नाही. डोकं खाली करून तीन तास, पोटात कार्बन डायऑक्साइड भरलेला, त्याने खांदा दुखतो. तिथे ब्लॉक काय करणार? शिवाय औषधाची बेरीज बघा. ब्लॉक आणि माझं टोचणं मिळून वजनाच्या किलोला दोन-अडीच मिलिग्रॅम ही मर्यादा. ६० किलोच्या माणसाला पाव टक्क्याचं (मिलीला अडीच मिलिग्रॅम) औषध २०-२० मिली दोन्हीकडे दिलं की १०० मिलिग्रॅम संपले. मला उरतात फार तर ५०.

भूलवाली
बेरीज आम्हीच करतो हो सर, तुम्ही न सांगता टोचता तेही धरून! :) क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंडं थकलेल्या ७५ वर्षांच्या आजोबांना डायक्लोफेनॅकसारखं सूज उतरवणारं वेदनाशामक देणार? ट्रॅमाडॉल या जोरकस वेदनाशामकाने उलट्या, वर भ्रम होऊन रात्री घरी जायचं म्हणून उठून बसतात. अशा माणसाला पहिले काही तासच तर जपायचे असतात. तुमचा पेशंट दुसऱ्या सकाळी चालतो, पण मधली रात्र कुणाची?

कात्री_चिमटा
त्या आजोबांना द्या, माझी हरकत नाही. मूत्रपिंडं ठणठणीत असलेल्या पन्नाशीतल्या माणसाला कशाला?

साठीचा_गडी
दोघेही माझ्या पोटाबद्दल भांडताय, म्हणून पेशंट बोलतो. मला ब्लॉक होता. त्या रात्री खोकला आला तरी पोट धरावं लागलं नाही, त्याला माझं शंभर टक्के मत. पण नळी! सारखी लघवी लागल्यासारखं वाटायचं, कळ आली की नळीच्या कडेने थेंब. घरी येऊन चौथ्या दिवशी फोन केला तेव्हा मूत्राशयाची कळ शमवणारी सॉलिफेनासिनची गोळी मिळाली, मग जरा झोप लागली. ती पहिल्या दिवशीच का नाही दिली, यावर कुणी धागा काढेल का?

निवांत नाशिककर
हेच तर म्हणतोय, काका. 'दुखणार नाही' ऐकून सही केली, म्हणून बाबांना नळीचं दुखणं म्हणजे काहीतरी बिघडलंय असं वाटत राहिलं. भुलीपेक्षा त्या भीतीनेच ते जास्त खचले.

रात्रपाळी
नर्स आहे, एकच विचारते. दादा, बाबांची नळी मांडीला चिकटवली होती का? बरेचदा कळ ताणलेल्या नळीची असते, औषध मागवायच्या आधी मी तेच बघते.

निवांत नाशिककर
आत्ताच विचारलं, ताई. मांडीला काही नव्हतं म्हणतात. पिशवी कॉटच्या दांडीला अडकवलेली, आणि कुशीवर वळलं की ओढ बसायची.