'एक्स्पोर्टेड सिंबल'ला 'निर्यातित चिन्ह' म्हणायचं का?

पांझराकाठ (धुळे)

राम राम मंडळी. डिप्लोमाच्या पोरांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. विषय आहे युनिक्सवर सामायिक लायब्ररी बांधणं, म्हणजे लिनक्सवरची .एसओ, मॅकवरची .डायलिब वगैरे. पहिल्याच पानावर गाडी अडली. आधीच्या कुणीतरी 'एक्स्पोर्टेड सिंबल'चं भाषांतर 'निर्यातित चिन्हे' असं करून ठेवलंय. ते वर्गात वाचलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, कुठल्या पक्षाची चिन्हं?" हसं झालं, पण पोराचं चुकलं नव्हतं.

ज्यांचा हा धंदा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लायब्ररीत शेकडो फंक्शन असतात. त्यातली थोडी बाहेरच्या प्रोग्रामने वापरावीत म्हणून असतात, बाकीची आतल्या कामाची. बाहेरचा प्रोग्राम फंक्शनला नावाने हाक मारतो आणि लोडर ते नाव शोधून पत्ता जोडून देतो. अशा बाहेरून हाक मारता येणाऱ्या नावाला एक्स्पोर्टेड सिंबल म्हणतात. हाक पोचू नये अशी सोय केली की ते हिडन.

'शेअर्ड'साठी 'सामाईक' मला पसंत आहे. सामाईक विहीर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळते, आणि इथेही कोडची एकच प्रत मेमरीत राहून सगळे प्रोग्राम तिच्यावर पाणी भरतात. अडलंय ते सिंबल, एक्स्पोर्ट आणि हिडन या तीन शब्दांवर.

केळीचा_घड (रावेर)

सर, 'निर्यात' काढाच. आमच्याकडे एक्स्पोर्ट हा शब्द चहाच्या टपरीवर चालतो, पण त्याचा अर्थ 'परदेशी पाठवणं' एवढाच उरलेला नाही. "औंदा बाग एक्स्पोर्टची झाली" म्हणजे घडाला पिशवी चढवली, फण्यांवर डाग नाही, फळाची लांबी-जाडी बसली. तोच माल पुढे आखाती देशात गेला काय आणि दिल्लीला गेला काय, तो 'एक्स्पोर्टचा'च. उरलेला 'लोकल'. एक्स्पोर्ट म्हणजे हाताने निवडून खोक्यात भरलेला माल.

आता तुमच्या लिनक्सवर काय होतं? सी भाषेत ज्या फंक्शनला 'स्टॅटिक' (म्हणजे याच फाइलीपुरतं) लावलं नाही, ते प्रत्येक फंक्शन आपोआप बाहेर दिसतं. निवड नाही, प्रतवारी नाही. याला रावेरात कुणी एक्स्पोर्ट म्हणणार नाही. याला म्हणतात बागेचं कुंपण काढून टाकणं.

शब्दवेडी (जळगाव)

रावेरकर भाऊंचा मुद्दा आवडला, पण व्युत्पत्तीकडूनही 'निर्यात' लंगडाच पडतो. निर् अधिक 'या' धातू, म्हणजे जाणे. 'यात' म्हणजे गेलेलं, म्हणून 'निर्यात' म्हणजे बाहेर गेलेलं. संस्कृतात हे विशेषण, मराठीत आपण त्याचं स्त्रीलिंगी नाम केलं : निर्यात वाढली, निर्यात थांबली. 'निर्यातित' म्हणजे गेलेल्याला पुन्हा घालवणं. 'निर्वाचित'च्या चालीवर कुणीतरी शिवलेला सदरा आहे तो.

आणि अर्थानेही, फंक्शन कुठे जातंय? ते लायब्ररीत आहे तिथेच बसलेलं असतं, प्रोग्रामच त्याच्या दारी येतो.

'सिंबल'चं म्हणाल तर 'चिन्ह' म्हणजे डोळ्याने बघायची खूण : अधिकचं चिन्ह, उद्गारचिन्ह, निवडणुकीचं चिन्ह. लिंकरला, म्हणजे कोडचे तुकडे जोडून लायब्ररी बांधणाऱ्या प्रोग्रामला, खूण दिसत नाही, त्याला नाव दिसतं आणि नावापुढे पत्ता. परिभाषाकोशाच्या वळणाने जायचं तर 'संज्ञा' हा शब्द आहे, मूळ अर्थ नावच. पण पोरांपुढे साधं 'नाव' का नको? मग 'सिंबल टेबल'ला 'नामावली' हा तयार शब्द मिळतो, पाडावा लागत नाही.

सातपुडा

शब्दवेडी ताई, 'नाव'ला माझा पाठिंबा. मी निवृत्त माणूस, बरीच वर्षं या चिन्हांच्या मागे रात्री घालवल्यात, म्हणून दोन गोष्टी सांगतो. लांबेल, आधीच माफी.

आमची एक लायब्ररी एआयएक्सवर, म्हणजे आयबीएमच्या युनिक्सवर, वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली. मग गिऱ्हाईकाने लिनक्स घेतलं. कोड तोच, नव्याने बांधला, चाचण्या पास. गिऱ्हाईकाच्या प्रोग्रामात बसवला की दर दोन तासांनी कोसळायचा. तीन रात्री गेल्या. शेवटी 'एलडी_डीबग' या लोडरच्या सेटिंगला 'बाइंडिंग्ज' ही किंमत देऊन प्रोग्राम चालवला. लोडर कुठलं नाव कुठल्या फाइलीला जोडतो ते तो ओळीओळीने छापतो. त्यात सापडलं. आमच्या लायब्ररीत 'रीसेट_बफर' नावाचं एक आतल्या कामाचं फंक्शन होतं. त्याच प्रोग्रामात दुसऱ्या कुणाचीतरी लायब्ररी होती, तिच्यातही 'रीसेट_बफर'. ती यादीत आधी. त्यामुळे आमचंच फंक्शन आमच्याच 'रीसेट_बफर'ला हाक मारायचं आणि ओ द्यायचा शेजारी!

एका गल्लीत एकाच नावाचे दोन पाटील असले की नवा पोस्टमन पहिल्या घरात पत्र टाकून मोकळा होतो. लिनक्सवरचा ईएलएफचा (तिथल्या प्रोग्राम-लायब्ररींच्या फाइलींचा साचा) लोडर तसा आहे : शोधाच्या क्रमात पहिलं जे सापडेल ते खरं. हा दोष नाही, ठरवून ठेवलेली रीत आहे. तिच्याच जोरावर 'एलडी_प्रीलोड' (आपली लायब्ररी यादीत सगळ्यांच्या आधी बसवणारं सेटिंग) लावून मॅलॉकच्या, म्हणजे मेमरी मागून देणाऱ्या फंक्शनच्या, जागी आपलं मॅलॉक घुसवता येतं. एआयएक्सची साधी रीत वेगळी. कुठलं नाव कुठल्या फाइलीतलं हे जोडणी करतानाच कायम होतं, म्हणून तिथे आमचा घोटाळा झाकून राहिला. मॅकही नावाबरोबर लायब्ररी कोणती हे नोंदवून ठेवतो.

आता मुद्द्यावर. रावेरचे भाऊ म्हणाले की निवड नसेल तर तो एक्स्पोर्ट नाही. पण एआयएक्सवर निवड आहे! तिथे नुसत्या लिंकरला काही सांगितलं नाही तर एकही नाव बाहेर दिसत नाही. '-बीई:' पुढे फाइलीचं नाव द्यायचं, त्या फाइलीत एका ओळीवर एक अशी नावं. अगदी तुमच्या खोक्यात भरलेल्या फण्या. आळस असेल तर '-बीएक्सपॉल' आहे, त्याने सगळी नावं जातात, फक्त अंडरस्कोअरने सुरू होणारी मागे राहतात. ही अट न वाचल्यामुळे माझी एक दुपार गेली आहे. विंडोज युनिक्स नाही, पण तिथेही दार मुळात बंदच असतं.

तेव्हा सर, शब्द असा हवा की ज्यात दोन्ही प्रकार मावतील : आपोआप दिसणारं आणि दाखवावं लागणारं. 'निर्यात'मध्ये दुसराच मावतो.

पांझराकाठ (धुळे)

आबा, तुमची पोस्ट वाचून रात्री अंथरुणात डोक्यात आलं. आपल्याकडे नाव 'लागतं'. सातबाऱ्यावर नाव लागलं, मतदार यादीत नाव लागलं. वावर तुम्ही दहा वर्षं कसा, पण उताऱ्यावर नाव लागलेलं नसेल तर बँक तुम्हाला ओळखत नाही. फंक्शनचंही तेच. कोड लायब्ररीत आहे, चालतोय, पण नामावलीत नाव नाही म्हणून बाहेरच्याला तो नाही.

आणि गंमत म्हणजे आबांना हवे ते दोन्ही प्रकार मराठीच्या क्रियापदातच आहेत. लिनक्सवर नाव *लागतं*. एआयएक्सवर नाव *लावावं* लागतं. एक अकर्मक, एक सकर्मक. इंग्रजीत दोन्हीला एक्स्पोर्टच म्हणतात आणि पोरं गोंधळतात.

शब्दवेडी (जळगाव)

वा सर! लागणे-लावणे ही जोडी फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे यांच्या रांगेतली. मग उलट्या क्रियेसाठी तलाठ्याच्या तोंडचाच शब्द घ्या : 'नाव कमी करणे'. बहिणीने हक्कसोड दिला, नाव कमी झालं. खोडलं नाही, पुसलं नाही, 'कमी' झालं.

केळीचा_घड (रावेर)

सातबारा चांगला आहे, पण एक अडचण. लायब्ररीच्या फाइलीत नामावल्या दोन असतात. एक मोठी, सगळ्या नावांची, डीबगरच्या (चुका शोधायच्या प्रोग्रामच्या) उपयोगाची. दुसरी छोटी, लोडर वाचतो ती. 'स्ट्रिप' ही फाइल हलकी करणारी आज्ञा चालवली की मोठी उडते, छोटी राहते, आणि लायब्ररी चालतच राहते. आमची पोरं नुसतं 'एनएम' (नावं छापणारी आज्ञा) चालवतात, मोठ्या यादीत नाव बघतात आणि म्हणतात "दिसतंय की!" मग जोडताना 'अनडिफाइंड' म्हणून बोंब. सातबारा कोणता, ते टिपणांत स्पष्ट लिहा.

सातपुडा

बरोबर पकडलंत. बघायची असते ती 'एनएम -डी'ची यादी. त्यात पत्त्यापुढे मोठा 'टी' म्हणजे नाव लागलेलं फंक्शन, 'यू' म्हणजे दुसऱ्याच्या भरवशावर असलेलं. साध्या 'एनएम'मध्ये छोटा 'टी' दिसला तर ते नाव घरातलं, बाहेर लागलेलं नाही. मोठ्या यादीला 'घरची वही' म्हणा आणि छोटीला 'उतारा'. सावकाराकडे जाताना घरची वही चालत नाही.

'कमी करणे' मात्र जपून वापरा, कारण नाव दोन टप्प्यांवर आवरता येतं. जीसीसी या कंपायलरच्या 4.0 पासून, म्हणजे 2005 पासून, '-एफव्हिजिबिलिटी=हिडन' आहे. हा पर्याय दिला की नाव मुळात लागतच नाही. मग जी दाखवायची त्यांनाच कोडमध्ये 'व्हिजिबिलिटी डीफॉल्ट' अशी खूण करायची. हे 'कमी करणं' नव्हे, लागूच न देणं. दुसरा टप्पा लिंकरचा. लिनक्सवर व्हर्जन स्क्रिप्ट नावाची फाइल लिंकरला द्यायची, तिच्यात 'ग्लोबल' खाली चार नावं आणि 'लोकल' खाली एक तारका (*), म्हणजे बाकी सगळी आत. सोलारिस या दुसऱ्या युनिक्सवर हीच गोष्ट '-एम' देऊन मॅपफाइलीत. इथे नाव लागलेलं असतं आणि जोडणीच्या वेळी कमी होतं. हा खरा फेरफार. जमेल तिथे पहिला टप्पा गाठावा. फंक्शन घरातलंच आहे हे कंपायलरला आधी कळलं तर तो आतल्या आत थेट हाक लावतो, वळसा घालत नाही.

एचपी-यूएक्स या एचपीच्या युनिक्सवर '+ई' पुढे नाव दिलं की तेवढीच नावं लागतात, '-एच'ने उलट. आता ती यंत्रं वर्गात कुणी पाहणार नाही, एका ओळीत उरका.

भुसावळ_जंक्शन

मी फक्त तिसऱ्या शब्दाबद्दल. 'हिडन'ला 'लपलेलं' नको. लपलेलं म्हणजे स्वतःहून लपलं, जसं मांजर पलंगाखाली. इथे मालकाने लपवलंय. आमची आजी अहिराणीत म्हणायची, "दपाडी ठेव." बिस्किटाचा पुडा पोरांपासून दपाडायचा. 'दपाडेल सिंबल' कसं वाटतं?

शब्दवेडी (जळगाव)

शब्द गोड आहे भाऊ, पण पुण्याचा वाचक फसेल. अहिराणीत '-एल' लावलं की झालेली गोष्ट : करेल काम, बठेल माणूस, म्हणजे केलेलं काम, बसलेला माणूस. प्रमाण मराठीत 'करेल' म्हणजे पुढे करणार. 'दपाडेल सिंबल' वाचून तो विचारेल, कधी दपाडेल? आणि कोण?

भुसावळ_जंक्शन

मग पुण्याच्या वाचकाला धुळ्याची टिपणं कशाला लागतात? 😀

केळीचा_घड (रावेर)

आमच्याकडे तर अहिराणीही नाही, लेवा गणबोली. एका खान्देशात तीन शब्द निघतील. सर, 'आतलं नाव' लिहा आणि मोकळे व्हा. आबांच्या 'घरच्या वही'शी जुळतं.

पांझराकाठ (धुळे)

'आतलं नाव' घेतो. 'दपाडेल' वर्गात तोंडी वापरीन, आमची पोरं धुळ्याचीच आहेत.

मसुद्यातलं एक वाक्य टाकतो, चिरफाड करा : "लिनक्सवर स्टॅटिक नसलेल्या प्रत्येक फंक्शनचं नाव उताऱ्याला आपोआप लागतं, म्हणून लायब्ररी बांधताना आतली नावं लागू देऊ नयेत आणि बाहेरची नावं यादीत लिहून लावावीत. एकच यादी सगळीकडे चालते."

सातपुडा

शेवटचं वाक्य उडवा. मॅकवर सी भाषेच्या प्रत्येक नावाला पुढे एक अंडरस्कोअर लागतो आणि '-एक्स्पोर्टेड_सिंबल्स_लिस्ट'च्या फाइलीत तो लिहावा लागतो. लिनक्सची यादी तशीच दिली तर मॅकचा लिंकर म्हणतो, असं नाव माझ्याकडे नाही. सी++ असेल तर आणखी वेगळं. तिथे कंपायलर नावातच प्रकार वगैरे कोंबतो आणि '_झेड'ने सुरू होणारी लांबलचक शेपटी तयार होते. पोरांना म्हणावं, बाहेरची फंक्शन 'एक्स्टर्न सी'मध्ये ठेवा, म्हणजे नावं सी भाषेसारखी साधी राहतील. एकच यादी हवीच असेल तर लिबटूल हे लायब्ररी बांधायचं अवजार आहे. त्याला '-एक्स्पोर्ट-सिंबल्स' देऊन साधी नावं सांगितली की प्रत्येक यंत्राच्या रीतीची फाइल तो स्वतः करून देतो.

आणि हो, जी नावं लावणार त्यांना आडनाव द्यायला सांगा. नुसतं 'रीसेट_बफर' नको. लायब्ररीचं नाव पुढे, मग फंक्शनचं. माझ्या त्या तीन रात्री आडनाव नव्हतं म्हणून गेल्या.

पांझराकाठ (धुळे)

प्रीफिक्सला 'उपसर्ग' लिहिलं होतं. खोडून 'आडनाव' केलं. आडनाव पुढे आणि नाव मागे, मतदार यादीतल्यासारखं.