मदत हवी आहे: जुन्या द्राक्षबागेच्या खोडांपासून घरच्या घरी पाट्या

नमस्कार मंडळी,

नाशिकजवळ मखमलाबादकडे आमची द्राक्षबाग आहे. एक प्लॉट जुना झाला होता, माल धरेना, म्हणून यंदा एप्रिलच्या खरड छाटणीची वाट न बघता काढूनच टाकला. आता बांधावर खोडांचा ढीग, शेजारी मांडवाचे वाय अँगल, तारेची भेंडोळी आणि ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या काळ्या नळ्या. रिवाजाप्रमाणे खोडं चुलीत आणि लोखंड भंगारवाल्याकडे जायचं.

त्यात भाऊजींनी रस्त्याच्या कडेला शेड टाकलीय. हंगामात द्राक्षं, एरवी बेदाणे, आणि जाऊबाईंच्या हातचा चहा. तिथे ते फ्लेक्स लावायला निघाले होते. नाशकात चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स काय कमी आहेत? मी म्हटलं, थांबा, पाट्या मी करते, याच ढिगातून. एक मोठी 'द्राक्षे व बेदाणे', एक बाणाची 'मळ्याकडे', आणि तिसरी सासरेबुवांच्या खास फर्माइशीवरून: 'विचारल्याशिवाय घड तोडू नये. विचारल्यावरही तोडू नये.' (माणूस पक्का नाशिकचा, पण पाटी सदाशिव पेठेतली!)

खोडं फार देखणी आहेत हो. साल सुंभासारखी पट्ट्यापट्ट्यांनी सुटते, आत फिकट तपकिरी पिळदार लाकूड निघतं. काही खोडांना ओलांडे (मांडवावर आडव्या नेलेल्या जाड फांद्या) तसेच आहेत, त्यामुळे आयती चौकट होते. सालीच्या खाचांत वर्षानुवर्षं बुरशीसाठी फवारलेल्या बोर्डोचा निळसर थर बसलाय, तो घासून काढायला जिवावर येतं. पण कापलेल्या टोकांना आत्ताच भेगा पडायला लागल्यात. त्या थांबवता येतात का?

दुसरं, अक्षरांसाठी शेडचा उरलेला गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरू की फळी? पाटी चार महिने पावसात आणि नंतर मार्च ते मेच्या उन्हात राहणार आहे. आणि अक्षरं सुबक कशी काढायची? माझा हात रांगोळीचा आहे, ब्रशचा नाही. स्टेन्सिल कापायला बसले तर 'द्राक्षे'तच गुंता झाला.

खर्च फार नको, पण प्रायमर-रंगावर खर्च करायची तयारी आहे. 'बाजारात तयार मिळतं' हे सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी त्या निळ्या रंगाचं बोलू. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, पण सालीत तेवढंच थोडं आहे? इतकी वर्षं जे जे फवारलं त्याचा अंश तिथे असू शकतो. कोरडं घासू नका. साल भिजवून तारेच्या ब्रशने काढा, उघड्यावर, मास्क लावून, पोरं लांब ठेवून. निळा राखायचाच असेल तर हात पोचणार नाही अशा खोडावर राखा आणि वरून बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन वार्निश) मारा. उरलेली खोडंही स्वयंपाकाच्या चुलीत घालू नका, असं माझं मत.

भेगांचं म्हणाल तर लाकूड वाळताना गोलाईच्या दिशेने जास्त आकसतं, गाभ्याकडे कमी. ती ओढाताण कुठेतरी फुटून निघणारच. म्हणून खोड उभं मधोमध चिरून दोन फाळ्या करा, बराच ताण तिथेच सुटतो. टोकांच्या छेदांना आजच जुन्या ऑइल पेंटचा जाड हात द्या, कारण ओल टोकांतूनच भराभर उडते. मग सावलीत, वारं खेळेल असं, मध्ये पट्ट्या घालून रचा. इंचभर जाडीला साधारण वर्ष हा सुतारांचा हिशोब. तेवढा धीर नसेल तर खोडांची नुसती चौकट करा, बारीक भेगा तिथे शोभतातसुद्धा. अक्षरांना फळी मात्र कोरडी हवी.

फळी सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून सुटलेल्या पॅलेटची (माल ठेवायच्या लाकडी बैठकीची) बघा, भंगारात पाइन बऱ्यापैकी मिळतं. शिक्का वाचून घ्या. एचटी म्हणजे ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं, ते चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते तिथेच ठेवा.

प्रतिसाद २

पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारू नका. त्यातलं तेल आणि पत्र्यावरचं जस्त यांचं जमत नाही, रंगाचे पापुद्रे सुटतात. साबणाने धुवा, पॉलिश पेपरने हलकं घासा आणि दुकानात गॅल्व्हनाइज्डचाच प्रायमर मागा. रेड ऑक्साइड तुमच्या अँगलसाठी ठेवा. फवारणीच्या औषधांचे डबे कापायचा मोह झाला तर आवरा, रिकामे असले तरी.

स्टेन्सिलचा गुंता का होतो सांगतो. 'ब' आणि 'व' यांच्या पोटातला तुकडा कापल्यावर सुटून पडतो आणि अख्ख्या शब्दाची शिरोरेषा कापली की खालचा कागद लटपटतो. जुन्या एक्सरेच्या फिल्मवर कापा, पोटाला बारीक पूल ठेवा, शिरोरेषा मोकळी सोडा. ती शेवटी मास्किंग टेप लावून एका हातात ओढा. पण तुमचा हात रांगोळीचा आहे, तर स्टेन्सिल हवंच कशाला? कागदावर अक्षर काढा, रेघेवर सुईने भोकं पाडा, कागद फळीवर चिकटवून गेरूची पुरचुंडी आपटा. ठिपके उमटतात. ते जोडायला तुम्हाला कोण शिकवणार!

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. ठिपक्यांचं सुचलंच नव्हतं! टोकांना संध्याकाळीच रंग लावला, सासरेबुवा डबा धरून उभे होते. आता एकच. 'मळ्याकडे' ठिबकच्या नळीचं वळणदार अक्षर करून लिहायचं मनात आहे. नळी फळीवर फेविकॉलने बसेल का?

प्रतिसाद १

नाही बसणार. ती पॉलिथिलीनची, तिला गोंदही धरत नाही आणि रंगही. उन्हात नळी मऊ करून वळवा, वळणाच्या दोन्ही बाजूंना फळीत बारीक भोकं पाडा आणि मांडवाची पातळ तार आरपार घालून मागे पीळ द्या. काळ्या नळीमागे फळी पांढरी रंगवा, म्हणजे रस्त्यावरून वाचता येईल. 'म' आणि 'ळ' नळीत छान येतात, 'ण' असता तर रडला असतात.