अल्झायमरमधील जोडणीतली घट खरी की डोक्याच्या हालचालीमुळे दिसणारी? (मदत हवी आहे)

नमस्कार. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी संशोधकांना खुल्या असलेल्या विश्रांत अवस्थेतील एफएमआरआय स्कॅनवर (माणूस काहीही न करता पडून असताना मेंदूच्या कार्याची घेतलेली चित्रे) काम करते आहे. एका गटात सौम्य अल्झायमर असलेले ३० जण आहेत आणि दुसऱ्यात त्याच वयाचे ३० निरोगी जण. प्रत्येकाचा स्कॅन ८ मिनिटांचा असून दर २ सेकंदांना एक, अशी माणशी २४० चित्रे आहेत. मेंदूचे २०० भाग पाडून प्रत्येक दोन भागांच्या बोल्ड संकेतांमधला (रक्तातील ऑक्सिजनच्या बदलावर आधारित संकेत) सहसंबंध, म्हणजेच त्यांची 'जोडणी', मी काढला आणि फिशर रूपांतर (सहसंबंध तुलनेयोग्य करणारे गणिती रूपांतर) करून दोन्ही गटांची तुलना केली. अशा १९,९०० जोड्या होतात, म्हणजे ५ टक्क्यांच्या पातळीवर निव्वळ योगायोगानेही हजारेक जोड्यांत फरक दिसेल. त्यासाठीची दुरुस्तीही केलेली आहे.

पहिल्या नजरेला निकाल अगदी पुस्तकी निघाला. २००४ पासून अल्झायमरबद्दल जे सांगितले जाते तेच दिसले: डिफॉल्ट मोड नेटवर्कमधली (विश्रांतीत एकत्र सक्रिय राहणाऱ्या भागांचे जाळे), विशेषतः त्यातल्या मागच्या पोस्टिरियर सिंग्युलेट आणि पुढच्या मीडियल प्रीफ्रंटल भागांमधली जोडणी रुग्णांत कमी होती. त्याबरोबर शेजारशेजारच्या भागांमधली जोडणी मात्र रुग्णांत वाढलेली दिसली. ही 'भरपाई' असावी असे समजून मी त्यावर दोन पानेही लिहून टाकली.

शंका आली ती एका रुग्णाचा आलेख उघडून पाहिल्यावर. ११२ व्या चित्रापाशी डोके जवळजवळ १ मिलिमीटर सरकले होते, आणि नेमक्या त्याच क्षणी सगळ्या २०० रेषा एकदम खाली जाऊन पुढची चार-पाच चित्रे सावरल्या नव्हत्या. २०१२ मध्ये एकापाठोपाठ एक प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे की डोक्याची हालचाल जवळच्या भागांमधला सहसंबंध फुगवते आणि दूरच्या भागांमधला घटवते. माझा निकाल हुबेहूब तसाच आहे. त्यातून माझ्या रुग्णांची सरासरी हालचाल निरोगी गटापेक्षा स्पष्टपणे जास्त आहे.

हालचालीचे २४ घटक (डोक्याचे सरकणे-वळणे आणि त्यांवरून काढलेली मापे) रिग्रेशनने, म्हणजे त्यांचा वाटा सांख्यिकी पद्धतीने वजा करून, काढून टाकले आहेत. ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली चित्रे वगळली, तर काही रुग्णांची जेमतेम १५० चित्रे, म्हणजे ५ मिनिटे उरतात. संपूर्ण मेंदूचा सरासरी संकेत काढून टाकला की चित्र बरेच स्वच्छ होते, पण त्या क्रियेमुळेच ऋण सहसंबंध निर्माण होतात, हा आक्षेप मला माहीत आहे. माझा प्रश्न असा की, आजारच माणसाला अस्वस्थ करून हलवत असेल, तर आजाराचा परिणाम आणि हालचालीचा परिणाम वेगळे कसे करावेत? सरासरी हालचाल सहचल (तुलनेत हिशेबात धरायचा जादा घटक) म्हणून सांख्यिकी प्रारूपात घातली की फरक जवळजवळ नाहीसा होतो, आणि तो खोटा होता म्हणून गेला की मीच खरा फरक पुसून टाकला, हे ठरवता येत नाही.

प्रतिसाद:

तुमची शेवटची शंका रास्त आहे. गट आणि हालचाल इतकी एकमेकांत गुंतलेली असतील, तर सहचल घालून सुटका होत नाही. आजाराचा वाटाही हालचालीच्या खात्यावर जमा होतो. म्हणून आधी रुग्णांना बाजूला ठेवा. फक्त निरोगी ३० जणांत प्रत्येक जोडीची ताकद आणि सरासरी हालचाल यांचा संबंध काढा आणि तो त्या दोन भागांमधल्या अंतरासमोर मांडा. इथे आजार नाहीच, त्यामुळे रेषेला उतार राहिला तर तुमची सफाई अपुरी आहे असे समजा. मग त्याच निरोगी गटाचे जास्त हलणारे आणि कमी हलणारे असे दोन भाग करून तुलना करा. तुमचा 'अल्झायमरचा' नकाशा तिथेही उमटला, तर भरपाईची ती दोन पाने काढून टाकावी लागतील.

दुसरी कसोटी सावधपणे वापरा. हालचालीचा परिणाम बराचसा अंतरावर अवलंबून असतो, पण फक्त अंतरावर नाही. डावे आणि उजवे हालचाल-नियंत्रक कॉर्टेक्स एकमेकांपासून लांब आहेत, विश्रांतीतही ते एका लयीत चालतात हे १९९५ मध्येच दाखवले गेले आहे, आणि सौम्य अल्झायमरमध्ये हा भाग बराचसा शाबूत असतो. तुमच्या रुग्णांत ही जोडीही तितकीच घटली असेल, तर फरक डिफॉल्ट मोड नेटवर्कपुरता नाही असे समजा. ती टिकून फक्त डिफॉल्ट मोड नेटवर्कमधली जोडी घटली, तरी एवढ्यावरून आजाराची बाजू सिद्ध होत नाही, कारण हालचालीबरोबर ही डावी-उजवी जोडी उलट वाढते, असे २०१२ च्याच एका अभ्यासात दिसले आहे.

निरोगी गटातूनही तेवढीच चित्रे यादृच्छिकपणे वगळा, नाहीतर ५ मिनिटांच्या अंदाजाची तुलना ८ मिनिटांच्या अंदाजाशी होईल आणि छोट्या स्कॅनमधला सहसंबंध मुळातच डळमळीत असतो. सरासरी संकेत काढून आणि न काढता, दोन्ही निकाल द्या. पोस्टिरियर सिंग्युलेटमधला करड्या द्रव्याचा (चेतापेशींच्या थराचा) ऱ्हासही तपासा, कारण तो भाग आक्रसलेला असेल तर तुम्ही अंशतः मेंदूभोवतीच्या पाण्याचाच संकेत मोजत आहात. (लोक स्कॅनरमध्ये पहिल्या काही मिनिटांतच पेंगू लागतात, हेही विसरू नका, डोळे उघडे होते की मिटलेले, ही नोंद शोधा.)

धागाकर्ती:

मनःपूर्वक आभार. पहिली चाचणी रात्रीच केली. निरोगी गटातही उतार स्पष्ट आहे, त्यामुळे शेजारच्या जोड्यांची 'वाढ' मी प्रबंधातून काढून टाकते आहे. हालचाल-नियंत्रक जोडी मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखी आहे, आणि पोस्टिरियर सिंग्युलेट ते मीडियल प्रीफ्रंटल ही घट लहान झाली तरी टिकून आहे. आता सारखी हालचाल असलेले रुग्ण आणि निरोगी जण एकमेकांशी जुळवायला घेतले, तर ३० पैकी ११ रुग्णच उरतात आणि तेही सगळ्यांत सौम्य आजाराचे. या ११ जणांवर मुख्य निकाल उभा करावा, की सर्व ३० जणांचा निकाल मुख्य ठेवून हा पडताळा म्हणून जोडावा?